परसबागेतील भाज्यांचे सूप वारंवार पाणचट का होते, आणि त्यावर उपाय काय

भाज्या बागेतून तासाभरापूर्वीच तोडलेल्या असतात आणि त्या मुबलकही असतात, तरीही सूप वाढताना पळीतून आधी पाणी पडते आणि मागाहून फोडी पडतात. चव पाहिली तर मीठ जाणवते, पण भाजी जाणवत नाही. पातेल्यात पाणी वेगळे आणि भाजी वेगळी राहते. ज्याला आपण सूप मिळून येणे म्हणतो, ते काही केल्या होत नाही. ही तक्रार एखाद्या दिवसापुरती असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ज्यांच्याकडे परसबाग आहे, त्यांच्या स्वयंपाकघरात ती हंगामामागून हंगाम परत येते. तिचे मूळ एखाद्या राहून गेलेल्या मसाल्यात नसून पाण्याच्या हिशेबात आहे, असे माझे अनेक वर्षे सूप करत आल्यानंतरचे ठाम मत आहे. अधिक नेमके सांगायचे, तर आपण वरून घातलेले पाणी मोजतो, पण भाजीच्या अंगचे पाणी मोजत नाही.

आधी दोष ओळखावा

बेचव सूप दिसले की बहुतेकांचा हात मिठाकडे किंवा मिरपुडीकडे जातो. त्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करावी. सूपमधील केवळ द्रव भाग गाळून तीन लहान वाट्यांत घ्यावा. पहिल्या वाटीत चिमूटभर मीठ घालावे, दुसऱ्या वाटीत लिंबाच्या रसाचे दोन थेंब घालावेत आणि तिसऱ्या वाटीतील द्रव लहान कढईत ओतून निम्मा होईपर्यंत आटवावा. तिन्ही वाट्या पिण्याजोग्या कोमट झाल्यावर क्रमाने चाखाव्यात, कारण उकळत्या द्रवाची चव जिभेला नीट कळत नाही आणि गरमागरम चाखून घातलेले मीठ नंतर जास्त झालेले आढळते.

पहिल्या वाटीने चव खुलली, तर दोष केवळ मिठाचा आहे. एक लिटर तयार सुपाला साधारण सात ते आठ ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वा चहाचा चमचा मीठ लागते, हे प्रमाण मनात असावे. दुसरी वाटी आवडली, तर सुपाला आंबटपणाची जोड हवी आहे. लाल भोपळा, गाजर आणि मटार यांच्या गोडसर सुपांत हे फार वेळा घडते. तिसरी वाटीच चांगली लागली, तर चव मुळात आहे, पण ती पाण्यात विरली आहे. चौथी शक्यता अशी की तिन्ही वाट्या सारख्याच निरस लागतात. तेव्हा भाज्या परतण्याच्या टप्प्यावर काहीतरी राहिले आहे असे समजावे. मी स्वतः ही चाचणी जेव्हा जेव्हा केली, तेव्हा परसबागेच्या सुपात बहुतेक वेळा तिसऱ्या वाटीनेच दोष दाखवला, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यासाठीच आहे.

अंगच्या पाण्याचा हिशेब

ताज्या भाजीच्या वजनातील बहुतांश भाग पाण्याचाच असतो, हे सर्वांना माहीत असते. पण भाजीभाजीतील फरक किती मोठा आहे, याची कल्पना आकडे मांडल्याशिवाय येत नाही. टोमॅटो आणि दुधी यांत सुमारे ९५ टक्के पाणी असते, कोबीत ९२ टक्क्यांच्या आसपास, गाजरात ८८, तर बटाट्यात आणि ताज्या मटारात सुमारे ७९ टक्के. वाचताना ७९ आणि ९५ यांतील अंतर फारसे वाटत नाही. आता दोन पातेली कल्पावीत. पहिल्यात अर्धा किलो टोमॅटो, अर्धा किलो दुधी आणि तीनशे ग्रॅम कोबी आहे. दुसऱ्यात अर्धा किलो बटाटे, अर्धा किलो गाजर आणि तीनशे ग्रॅम मटार आहेत. दोन्हींचे वजन सारखेच, म्हणजे तेराशे ग्रॅम. पहिल्या पातेल्यातील भाज्यांत सव्वाबाराशे ग्रॅम पाणी आहे आणि उरलेला घन भाग जेमतेम पाऊणशे ग्रॅम. दुसऱ्या पातेल्यातील घन भाग मात्र सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे तिप्पट. दोन्हींत एकेक लिटर पाणी ओतले, की पहिल्या सुपात घन भाग साधारण तीन टक्के राहतो आणि दुसऱ्यात दहा टक्के. चव, दाटपणा आणि पोट भरल्याचे समाधान हे सारे त्या घन भागातून येते. पाण्याकडे देण्यासारखे यातले काहीच नसते.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. बटाट्यातील पिष्ट (स्टार्च) साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगते, त्यामुळे बटाट्याचे पाणी बटाट्यातच धरून राहते आणि शिवाय आजूबाजूचे थोडे पाणीही बांधले जाते. टोमॅटो, दुधी, काकडीच्या कुळातील इतर फळभाज्या आणि कोबी यांच्याकडे असे पिष्ट जवळजवळ नसते. त्यांच्या पेशींच्या भिंती सैल झाल्या की आतले पाणी सरळ पातेल्यात उतरते. म्हणून मी भाज्यांची विभागणी रंगावरून किंवा चवीवरून न करता पाणी सोडणाऱ्या आणि पाणी धरणाऱ्या अशी करते. बागेतून भरून आणलेल्या टोपलीत कोणत्या गटाचे वजन जास्त आहे, एवढे पाहिले तरी पातेल्यात किती पाणी घालायचे याचा अंदाज येतो.

छापील कृतीत दिलेले पाण्याचे माप येथेच फसते. ते माप कृती लिहिणाऱ्याच्या हातातील भाजीपुरते खरे असते. बागेत मात्र एका आठवड्यात दुधीच दुधी असतो, पुढच्या आठवड्यात टोमॅटो उतू जातात, आणि आपण कृतीतील गाजराच्या जागी दुधी घालून पाण्याचे माप तेच ठेवतो. प्रेशर कुकर वापरणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे, कारण उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर जाणारे पाणी कुकरमध्ये जवळजवळ पूर्ण आतच राहते. उघड्या पातेल्यासाठी लिहिलेले माप कुकरमध्ये वापरले, तर सूप पाणचट होणे ठरलेलेच आहे.

उपाय: पाणी सर्वांत शेवटी

उपायाचे सूत्र एवढेच की पाणी हा पहिला घटक न मानता शेवटचा घटक मानावा. जाड बुडाचे रुंद पातेले घ्यावे. उंच आणि अरुंद पातेल्यात वाफ वरच्या थरात अडकते आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडली जाते.

प्रथम तेल किंवा लोणी गरम करून त्यात बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे परतावा. हा वेळ वाचवण्याचा मोह सर्वांना होतो, आणि सुपाची अर्धी चव तेथेच गमावली जाते. कांदा, गाजर यांसारख्या भाज्या तांबूस होतात, तेव्हा त्यांतील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात जी क्रिया घडते, तिचे वर्णन लुई कामील मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. स्वयंपाकघराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ती क्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते, तर पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवरच उकळते. म्हणजे पातेल्याच्या तळाशी पाणी साचलेले असेतो भाजी कितीही वेळ ठेवली तरी खमंग होणार नाही. यातून दोन नियम निघतात. एक, सगळी भाजी एकदम पातेल्यात लोटू नये. तळावर एक थर बसेल इतकीच घालावी आणि गरज पडल्यास दोन-तीन घाण्यांत परतावी. दोन, खमंगपणा हवा असेल तर मीठ नंतर घालावे, कारण मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते.

पाणी सोडणाऱ्या भाज्यांना मात्र याच्या उलट वागवावे. दुधीच्या किंवा कोबीच्या फोडींना सुरुवातीलाच मीठ लावून, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर त्यांचे पाणी सुटू द्यावे आणि ते बरेचसे आटू द्यावे. टोमॅटोसाठी मी नेहमी वेगळी कढई घेते. चिरलेले टोमॅटो थोड्या तेलात शिजवत राहावेत. आधी ते पाणी सोडतात, मग लगदा होतो आणि शेवटी कडेने तेल सुटू लागते. त्या क्षणी टोमॅटोचे बरेचसे पाणी निघून गेलेले असते आणि चव मागे राहिलेली असते. टोमॅटोतील बियांभोवतीचा बुळबुळीत गर अनेक जण काढून टाकतात, ते मला अतिशय खटकते. बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या गरातच ग्लुटामेट अधिक असते, आणि ज्या भरदार, रुचकर चवीला जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उमामी हे नाव दिले, ती चव ग्लुटामेटमुळेच येते. बिया दाताखाली नको असतील, तर गर चाळणीवर घासून रस घ्यावा आणि बिया टाकाव्यात.

वेगळ्या कढईचे दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. भाजीच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणारे पेक्टिन आंबट द्रवात सहज विरघळत नाही. टोमॅटो आधीच पातेल्यात असेल, तर बटाटे, गाजर, कांदा आणि कडधान्ये शिजण्यास फार वेळ घेतात. म्हणून बाकीचे सर्व मऊ झाल्यावर आटवलेला टोमॅटो त्यात मिसळावा.

भाज्या परतून झाल्या की मग पाणी, आणि तेही गरम. पाणी धरणाऱ्या भाज्या जास्त असतील, तर त्या जेमतेम बुडतील इतके घालावे; पाणी सोडणाऱ्या जास्त असतील, तर भाज्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत पुरे. पातेले कोरडे दिसते म्हणून धीर सोडू नये; झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे शिजवल्यावर भाजी स्वतःचे पाणी सोडून खाली बसते आणि तेव्हाच खरा अंदाज येतो. कमी पडले तर त्या वेळी अर्धी वाटी वाढवता येते. एकदा ओतलेले पाणी परत काढायचे म्हणजे आटवणे आले, आणि तोवर भाज्यांचा लगदा होतो.

साध्या पाण्याऐवजी स्टॉक वापरता आला, तर उत्तमच. मटाराची टरफले, मक्याची दाणे काढलेली कणसे, गाजराची टोके, कोथिंबिरीचे देठ, कांद्याचा बाहेरचा जाड थर हे सारे स्वच्छ धुऊन थोड्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास मंद उकळावे आणि गाळून घ्यावे. त्याहून जास्त उकळण्याने काही मिळत नाही. कोबी, फुलकोबी आणि मुळा यांचे तुकडे त्यात घालू नयेत, कारण त्यांचा गंधकाचा उग्र वास संपूर्ण सुपात उतरतो.

दाटपणा कशाने आणावा

पातळ सुपाला कॉर्नफ्लोअर लावण्याची सवय सर्वत्र आहे. लिटरमागे दहा-पंधरा ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून लावले आणि एक उकळी आणली, की सूप दाट दिसते हे खरे. परंतु त्यात घातलेल्या पिष्टाला स्वतःची चव नसल्यामुळे आधीची फिकट चव आणखी झाकली जाते. अडचणीच्या वेळी ते वापरण्यास हरकत नाही, पण वारंवार येणाऱ्या दोषावरचा तो उपाय नव्हे.

खरा दाटपणा भाजीतूनच यावा. शिजलेल्या सुपाचा एक तृतीयांश भाग काढून तो वाटावा आणि परत पातेल्यात मिसळावा. दोन तृतीयांश फोडी तशाच राहिल्याने सूप चावून खाण्याजोगे राहते आणि द्रवही मिळून येतो. लाल भोपळा, मटार, गाजर आणि मका मिक्सरमध्ये निर्धास्त वाटावेत. बटाटा मात्र मिक्सरच्या वेगवान पात्याखाली घालू नये. पात्याने त्याच्या पेशी फुटतात, आतले पिष्ट मोकळे होते आणि सूप चिकट, तार सुटल्यासारखे होते. बटाटा चमच्याने पातेल्याच्या कडेला दाबून किंवा रवीने घोटून घ्यावा.

टोपलीत पाणी धरणारी भाजी अजिबात नसेल, केवळ दुधी आणि टोमॅटोच असतील, तर लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम मसुराची डाळ हा मला सर्वांत भरवशाचा आधार वाटतो. ती भिजवावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत विरघळते, आणि सुपाला दाटपणाबरोबर प्रथिनेही देते. नियम तोच: डाळ पूर्ण शिजेपर्यंत टोमॅटो घालायचा नाही.

दोष बागेत असेल तर

कधीकधी पातेल्यात सर्व काही योग्य करूनही चव येत नाही, कारण भाजीच तशी असते. पिकण्याच्या सुमारास टोमॅटोला सतत भरपूर पाणी दिले, तर फळे मोठी होतात, पण त्यांतील विद्राव्य घटकांचे प्रमाण घटते. फळ रंग धरू लागल्यावर पाणी थोडे आवरते घ्यावे. पूर्ण पिकलेले टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण साधारण १२ अंशांखाली त्यांचा सुवास मंदावतो, आणि सुपाला टोमॅटोपणा येतो तो त्या सुवासानेच. मटार आणि मका यांची गोष्ट उलट आहे. तोडल्यापासून त्यांतील शर्करेचे पिष्ट होऊ लागते आणि उष्णतेत हा वेग वाढतो, म्हणून ते त्याच दिवशी शिजवावेत किंवा लगेच थंडीत ठेवावेत. पालेभाज्या सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी तोडाव्यात.

वेलीवर पानांआड राहून गेलेला दुधी किंवा काकडी सापडली, की ती सुपात घालून संपवावी असे साहजिकच वाटते. परंतु निबर फळाचा मधला भाग भुसभुशीत आणि जवळजवळ निव्वळ पाण्याचा असतो. तो मऊ भाग बियांसह खरवडून काढावा आणि केवळ सालीजवळचा घट्ट गर वापरावा. जून झालेल्या फरसबीचे धागे कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत; अशा शेंगा सोलून आतले दाणे घ्यावेत. शेंगा टाकताना हळहळ वाटते, पण सुपात चोथा येण्यापेक्षा ते बरे.

आधीच पाणचट झालेले पातेले

समोर पाणचट सूप तयार असेल, तर पातेले तसेच आचेवर ठेवून आटवत बसू नये. आधी झाऱ्याने सर्व फोडी बाहेर काढाव्यात. केवळ द्रव रुंद कढईत मोठ्या आचेवर उकळून हवा तितका आटवावा. त्या वेळी त्यात मीठ घालू नये, कारण पाणी जाते आणि मीठ मागे राहते. द्रव आटत असतानाच दुसऱ्या भांड्यात थोडा कांदा, लसूण आणि उपलब्ध असल्यास चमचाभर टोमॅटोचा आटवलेला लगदा तांबूस होईपर्यंत परतावा आणि त्यावर तो आटलेला द्रव ओतावा. मग काढलेल्या फोडींपैकी काही घोटून, बाकीच्या तशाच, परत घालाव्यात. शेवटी मीठ, आणि आच बंद केल्यावर लिंबाचा रस. या सर्वाला पंचवीस मिनिटे लागतात. मुळापासून नीट केलेल्या सुपाची बरोबरी यातून होत नाही, परंतु पातेले वाया जात नाही.

सोबतच्या काही तक्रारी

हिरव्या भाज्यांचा रंग तपकिरी पडतो, कारण उष्णता आणि आम्ल यांमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते. पालक शेवटच्या एक-दोन मिनिटांत आणि ताजे मटार शेवटच्या चार-पाच मिनिटांत घालावेत, तेव्हा पातेल्यावर झाकण ठेवू नये आणि लिंबाचा रस आच बंद केल्यावरच पिळावा. रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याचा सल्ला दिला जातो. त्याने रंग राहतो, परंतु भाजी गाळासारखी होते आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, त्यामुळे मी तो सल्ला मानत नाही.

गाजर किंवा बटाटे तासभर उकळूनही कडक राहतात, याची आम्लाखेरीज आणखी दोन कारणे असतात. पाणी जड असेल, तर त्यातील कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करते. दुसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही: भाज्या ५५ ते ६५ अंशांच्या कोमट अवस्थेत वीस-तीस मिनिटे राहिल्या, उदाहरणार्थ अर्धवट तापवून आच बंद करून ठेवल्या, तर त्यांतील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) पेक्टिन बदलते आणि नंतर दीर्घकाळ उकळूनही त्या पूर्ण मऊ होत नाहीत. म्हणून एकदा सुरू केलेले सूप मध्येच थांबवू नये.

दूध किंवा साय घातल्यावर टोमॅटोचे सूप फाटत असेल, तर दूध आधी थोडे गरम करून, त्यात सुपाची एक-एक पळी मिसळत जावे आणि नंतर ते मिश्रण पातेल्यात ओतून पुन्हा उकळू देऊ नये.

कडूपणाची तक्रार मात्र घाईने निकालात काढण्यासारखी नाही. लसूण करपला असेल, तर कडूपणा केवळ चवीपुरता असतो. परंतु दुधी, काकडी, झुकिनी किंवा भोपळा या कुळातील फळ कडू असेल, तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढलेली असतात, ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत आणि त्यांमुळे तीव्र उलट्या, जुलाब व क्वचित त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. परसबागेत हा धोका विशेष असतो, कारण आपण आपल्याच फळांचे बी धरतो. परागण जवळच्या कडू वाणाशी झाले असेल, तर पुढच्या पिढीची फळे दिसायला नेहमीसारखी पण कडू निघू शकतात. वेलीला पाण्याचा ताण बसला आणि उष्णता फार वाढली, तरीही कडूपणा येतो, त्यामुळे टोमॅटोला लागू असलेला पाणी आवरण्याचा नियम वेलींना लावू नये. प्रत्येक फळ चिरल्यावर देठाकडील लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि थुंकून टाकावा. कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकावे, आणि ते सुपात गेलेच असेल, तर सारे सूप टाकावे. साखर किंवा लिंबू घालून ते वाचवण्याचा प्रयत्न करू नये. हिरवी छटा आलेल्या कडवट बटाट्यांतील सोलानिन हे विषारी द्रव्यही उकळण्याने जात नाही, त्यामुळे तेही घेऊ नयेत.

सूप भरदार व्हावे म्हणून राजमा घालणाऱ्यांनी तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच पुढे मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेवरच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकला, तर त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट होण्याइतके तापमान गाठले जात नाही आणि खाणाऱ्याला त्रास होतो.

दुसऱ्या दिवशीचे सूप

डाळ किंवा बटाटा घातलेले सूप रात्रभरात घट्ट होते, हा दोष नव्हे. गरम करताना थोडा गरम स्टॉक मिसळला की ते पूर्ववत होते. याउलट कॉर्नफ्लोअर लावलेले सूप दुसऱ्या दिवशी पातळ झालेले आढळले, तर चाखलेला चमचा परत पातेल्यात बुडवला होता का, हे आठवून पाहावे, कारण लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाचे विघटन करते आणि थोडी लाळही त्यासाठी पुरते.

उरलेले सूप मोठ्या पातेल्यात तसेच ओट्यावर ठेवू नये. ते उथळ भांड्यांत विभागून, भांडी थंड पाण्यात ठेवून लवकर निववावे, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन ते चार दिवसांत संपवावे. फ्रीजरमध्ये ठेवायचे असेल, तर बटाट्याच्या फोडी आणि दूध त्यात घालू नये. वितळल्यावर बटाटा स्पंजासारखा होतो आणि त्याचे पाणी वेगळे होते, आणि इतक्या खटपटीने मिळून आलेले सूप पुन्हा पाणचट दिसू लागते. या दोन्ही गोष्टी गरम करतेवेळी ताज्या घालाव्यात, आणि सूप सर्व बाजूंनी वाफाळेपर्यंत, मध्ये दोनदा तळापासून ढवळून, पूर्ण तापवावे.